कडेची सवय

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. परंतु आमच्या चिटणीसबाईंनी या खेपेस हट्टच धरला, म्हणून हे धाडस करते.

"मूल रडलं की लगेच उचलू नकोस, कडेची सवय लागेल," हे वाक्य जिने ऐकले नाही अशी आई आपल्या मंडळात नसेल. माझ्या सासूबाईही हेच सांगत. मी समजत होते, हे जुन्या बायकांचे बोलणे. पण माझी थोरली नर्सिंग शिकते. मी भाकऱ्या थापत असताना ती मला पुस्तकातले वाचून दाखवते. तेव्हा कळले, की अमेरिकेतल्या एका पंडिताने हेच शास्त्र म्हणून सांगितले होते!

त्याचे नाव जॉन वॉटसन. मुले कशी वाढवावीत यावर त्याने १९२८ साली पुस्तक लिहिले. मुलाला कुशीत घेऊ नये, मांडीवर बसवू नये. अगदीच राहवले नाही तर रात्री निजताना कपाळाचा एक मुका घ्यावा आणि सकाळी हस्तांदोलन करावे, असा त्याचा उपदेश. पोटच्या पोराशी हस्तांदोलन! हसू येते, पण पुष्कळ आयांनी तो खरा मानला.

या पुस्तकाच्या कामी त्याला त्याच्या पत्नीने, रोझालीने साहाय्य केले होते. तीही शिकलेली, दोन मुलांची आई. तिने १९३० साली एका मासिकात लेख लिहिला. पतीच्या शास्त्रापुढे काही बाबतींत मी मान लववते, पण काही बाबतींत माझे मन बंड करते, असे तिने त्यात कबूल केले. आपली मुले मोठी झाल्यावर मायेच्या बाबतीत थोडी हळवी निघावीत, अशी तिची मनातली इच्छा होती. मला या सगळ्या इतिहासात ही बाई फार जवळची वाटते. घरात शास्त्र नवऱ्याचे, आणि आतून गलबलते ते हिचे.

त्या काळी बहुतेक विद्वानांचे मत असे, की आई दूध पाजते म्हणून मूल तिला लळा लावते. हॅरी हार्लो या अमेरिकन प्राध्यापकाने माकडांची पिल्ले आयांपासून तोडून दोन खोट्या आया केल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली, तरी पिल्लू दूध पिण्यापुरते तिच्याकडे जाई आणि उरलेला सारा वेळ कापडाला बिलगून राही. भय वाटले की धाव कापडाकडेच. हे त्याने १९५८ साली जाहीर केले. पण पुढे ही पिल्ले मोठी झाली, त्यांतल्या माद्या आया झाल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकींना स्वतःचे पिल्लू जवळ घेताच येईना. काहींनी तर त्याला मारले, चावले. प्रयोगाचे मोल त्या मुक्या जीवांनी भरले, हे ऐकून माझी भाकरी तव्यावर करपली.

माझा धाकटा दिवसांआधी जन्मला. बारा दिवस काचेच्या पेटीत होता. मला दाराच्या काचेतून पाहण्याची परवानगी, हात लावायची नाही. तेव्हा तोच नियम होता म्हणून मी गप्प बसले. घरी आणल्यावर कित्येक दिवस तो मला दुसऱ्याचाच वाटे. हे मी आजवर कोणापाशी बोलले नव्हते.

आणि कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, १९७८ सालीच डॉक्टर एदगार रेय यांनी पेट्या कमी पडतात म्हणून अशी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली होती! त्याला कांगारू पद्धत म्हणतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की कमी वजनाचे बाळ जन्मल्याबरोबर आईच्या अंगाशी द्यावे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला सातव्या महिन्यात मुलगी झाली. नर्सबाईंनी स्वतः ते एवढेसे बाळ तिच्या छातीशी ठेवून वरून पदर बांधला. ती घरी आली तेव्हा सासूबाई भेटायला आल्या होत्या. बाळ किरकिरले. भाची उठायच्या आधीच त्यांनी हात पुढे केले आणि म्हणाल्या, "दे गं इकडे, मी घेते जरा."