वही एकाची, आवाज दुसऱ्याचा

रॅप हा काव्यप्रकार ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रथम गाजला तोच उसन्या शब्दांनिशी. सप्टेंबर १९७९ मध्ये ‘शुगरहिल गँग’चे ‘रॅपर्स डिलाइट’ प्रसिद्ध झाले आणि ‘बिलबोर्ड’च्या यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत पोचले. त्यातील बिग बँक हँक हा न्यू जर्सीतल्या एका पिझ्झाच्या दुकानात काम करीत असे. निर्मात्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी त्याला तिथूनच निवडले. पण त्याच्या तोंडची कडवी होती ब्रॉंक्समधील ग्रँडमास्टर कॅझची. कॅझच्या सांगण्यानुसार, हँकने विचारताच त्याने आपली वहीच पुढे टाकली. यश आले तर मित्र आपल्याला विसरणार नाही, एवढीच अपेक्षा होती. त्याला ना श्रेय मिळाले, ना मोबदला.

हँकने उसनवारी लपवण्याचीही तसदी घेतली नाही. कॅझचे तेव्हाचे ‘कॅसानोव्हा फ्लाय’ हे नाव कडव्यात एकेक अक्षर सुटे करून गुंफलेले होते. हँकने ते तसेच म्हटले. अभंगातील नाममुद्रेप्रमाणे कर्त्याची खूण रचनेतच उरली, पण ती वाचणारे ब्रॉंक्सबाहेर फारसे कोणी नव्हते.

याच गाण्याच्या संगीताबाबत मात्र वेगळे घडले. त्याचा पाया ‘शीक’ या वृंदाच्या ‘गुड टाइम्स’वर बेतलेला होता. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा देताच त्यांची नावे गीतकार म्हणून लागली. वहीतल्या अप्रकाशित लेखनालाही तेव्हाच्या अमेरिकी कायद्याचे संरक्षण होते. पण रॉजर्स-एडवर्ड्स यांच्यापाशी गाजलेली ध्वनिमुद्रिका होती. कॅझपाशी होती एक वही आणि मेळाव्यांतल्या श्रोत्यांची स्मृती.

पुढे श्रेयनामावलीची शिस्त आली, तरी वाद मिटला नाही. १९९९ मध्ये डॉ. ड्रे यांच्या ‘स्टिल डी.आर.ई.’चे शब्द जे-झी यांनी लिहिले. त्यावर फारसे काहूर उठले नाही, कारण ड्रे यांची ओळख प्रामुख्याने संगीत-निर्मात्याची होती. जुलै २०१५ मध्ये मीक मिल यांनी ड्रेक यांच्यावर इतरांकडून रॅप लिहून घेतल्याचा आरोप केला, तेव्हा मात्र गदारोळ झाला. वास्तविक क्वेंटिन मिलर हे नाव ड्रेक यांच्या त्या वर्षीच्या संग्रहातील काही गीतांच्या श्रेयात छापलेलेच होते.

हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. १९७९ मध्ये श्रेय नव्हते आणि बोभाटाही झाला नाही. २०१५ मध्ये श्रेय होते, तरी बोभाटा झाला. रॅपमधला ‘मी’ नाटकातल्या पात्राचा मानला जात नाही. तो म्हणणाऱ्याचा स्वतःचा मानला जातो. म्हणून मिलर यांना मानधन आणि श्रेय मिळाले की नाही, हा प्रश्न श्रोत्यांच्या लेखी गौण ठरला. चर्चा झाली ती ड्रेक यांच्या प्रामाणिकपणाची. अस्सलपणाची ही चिंता गायकाभोवतीच फिरते. लिहिणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न त्याहून जुना आणि अधिक व्यावहारिक आहे, आणि कॅझची वही तो आजही विचारते आहे.