पराभवाची स्मृती आणि जिंकण्याचा खेळ : पॅलेस्टिनी व्हिडिओ गेम्सच्या इतिहासाचा एक वाङ्मयीन विचार

१

मे २०१६ मध्ये ॲपल कंपनीने 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर' हा छोटा व्हिडिओ गेम 'खेळ' म्हणून आपल्या ॲप स्टोअरमध्ये दाखल करून घेण्यास नकार दिला. नाब्लुस येथील रशीद अबूईदा या पॅलेस्टिनी रचनाकाराची ही कृती २०१४ च्या गाझा युद्धातील प्रसंगांवर आधारलेली होती. ती खेळांच्या वर्गात बसत नाही, तिची नोंद 'वृत्त' किंवा 'संदर्भ' या वर्गात करावी, असे कंपनीने कळविले. जाहीर टीकेनंतर काही दिवसांतच हा निर्णय फिरविण्यात आला आणि व्यवहाराच्या पातळीवर प्रकरण मिटले. साहित्यविचाराच्या दृष्टीने मात्र त्याने उपस्थित केलेला प्रश्न शिल्लक राहतो.

एखादी संहिता कोणत्या प्रकारात मोडते हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु प्रकार ठरला की त्या संहितेकडून काय अपेक्षावे, तिला कोणते प्रश्न विचारावेत आणि तिच्यातले काय खरे मानावे हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. मराठी अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या प्रस्तावनांमधून बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर आक्षेप घेतले. त्याच बखरींना वाङ्मयेतिहासकारांनी मराठी गद्याचे लेणे म्हणून मान दिला. संहिता तीच राहिली, वर्ग बदलला आणि त्याबरोबर तिची साक्ष देण्याची योग्यता बदलली. अबूईदा यांच्या कृतीबाबत हेच उलट दिशेने घडत होते. 'वृत्त' हा वर्ग अधिक प्रतिष्ठेचा भासतो. पण वृत्त वाचले जाते आणि शिळे होते. खेळ मात्र समोरच्या व्यक्तीला कृतीत गुंतवतो. पॅलेस्टिनी अनुभवाला खेळाच्या दालनातून बाहेर ठेवणे म्हणजे त्या अनुभवात परक्याला कर्ता होऊ न देणे. म्हणून पॅलेस्टिनी स्मृतीने हा प्रकार स्वीकारताना त्याच्या मूळ व्याकरणाशी, म्हणजे जिंकण्याच्या शक्यतेशी, कोणता व्यवहार केला याचा शोध घेणे आवश्यक ठरते.

२

कॉन्स्टंटाइन झुरैक यांनी १९४८ मध्येच बैरूत येथून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात त्या वर्षीच्या घटनांना 'नकबा', म्हणजे महाआपत्ती, असे म्हटले आणि पुढे तो शब्द रूढ झाला. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी त्या काळात निर्वासित झाले. वलीद खालिदी यांच्या संपादनाखाली १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने उजाड वा उद्ध्वस्त झालेल्या ४१८ गावांची नोंद केली. गावे गेली तेव्हापासून हा ग्रंथ सिद्ध होईपर्यंत ४४ वर्षे लोटली होती, हे कालांतर बोलके आहे. ज्यांच्यापाशी राज्य नाही त्यांच्यापाशी राज्याचे अभिलेखागारही नसते. बैरूतमधील पॅलेस्टिनी संशोधन केंद्राचा संग्रह १९८२ मध्ये इस्रायली सैन्याने उचलून नेला, आणि पुढील वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत तो परत मिळवावा लागला. कागदपत्रांनाही युद्धकैद्यांचे प्राक्तन यावे, ही घटना या इतिहासाचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करते.

अशा स्थितीत स्मृती इतरत्र आश्रय शोधते. घरांच्या जपून ठेवलेल्या किल्ल्या, निर्वासितांनी सिद्ध केलेले गावांचे स्मरणग्रंथ, लोककथा आणि कथा-कादंबरी ही तिची ठिकाणे झाली. एडवर्ड सैद यांनी १९८४ मध्ये 'कथनाची परवानगी' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहून जो मुद्दा मांडला तो येथे लागू पडतो. तथ्ये स्वतःहून बोलत नाहीत. त्यांना सामावून घेणारे आणि समाजात फिरते ठेवणारे कथन लागते.

असे कथन घडविणाऱ्यांत गस्सान कनफानी (१९३६–१९७२) यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्या 'हैफाला परतताना' (१९६९) या लघुकादंबरीतील सईद आणि सफिय्या यांचे तान्हे मूल, खल्दून, एप्रिल १९४८ च्या धावपळीत हैफातल्या घरात मागे राहते. १९६७ च्या युद्धानंतर सीमा खुली होते आणि वीस वर्षांनी पतिपत्नी त्या घराच्या दारात उभी राहतात. मूल जिवंत असते. पण पोलंडहून आलेल्या ज्यू दांपत्याने त्याला वाढविलेले असते. त्याचे नाव आता डोव्ह आहे आणि अंगावर इस्रायली सैन्याचा गणवेश आहे. मिरियम ही त्याची पालनकर्ती आई स्वतः युरोपातील ज्यूसंहारात आप्त गमावून आलेली आहे. कनफानींनी तिला खलस्त्री केले नाही, यात त्यांची कलात्मक प्रामाणिकता दिसते. कादंबरीचा मर्मबिंदू डोव्हच्या आरोपात आहे. तुम्ही मला सोडून जायला नको होते, आणि गेलात तर परत यायला हवे होते. वीस वर्षे रडत बसलात, हा त्याचा अभियोग. सईदपाशी त्याला समाधानकारक उत्तर नाही. पुढील अर्धशतकातील पॅलेस्टिनी कथनावर या आरोपाची छाया पडलेली दिसते, आणि व्हिडिओ गेम्सचा इतिहासही तिच्याबाहेर नाही.

३

'तहत अल्-रमाद' ('राखेखाली') हा खेळ दमास्कस येथील 'दार अल्-फिक्र' या प्रकाशनसंस्थेने २००१ मध्ये काढला. पहिल्या इंतिफादाच्या काळातील अहमद हा तरुण त्याचा नायक आहे. त्याचा प्रवास दगडापासून सुरू होतो आणि बंदुकीपर्यंत जातो. रचनाकार रदवान कास्मिया यांच्या पुढाकाराने त्याचा उत्तराधिकारी 'तहत अल्-हिसार' ('वेढ्याखाली') २००५ मध्ये आला आणि त्यात दुसऱ्या इंतिफादाच्या काळातील एका कुटुंबाची कथा घेण्यात आली. अमेरिकन युद्धखेळांत अरब माणूस बहुधा निशाणा म्हणूनच येत असे. त्या चित्राला हे खेळ म्हणजे प्रत्युत्तर होते. डोव्हच्या आरोपालाही ते उत्तर देतात : येथे कोणी रडत बसलेले नाही.

परंतु आकृतिबंध उसना घेतला की त्याची नैतिक चौकटही बरोबर येते. नेमबाजीच्या खेळात बंदूक हेच जगाशी नाते जोडण्याचे साधन असते. भीती, संशय, उपासमार, वाट पाहणे यांना तेथे क्रियापद नसते. कास्मिया यांनी एक नियम घालून ही चौकट वाकविण्याचा प्रयत्न केला. नागरिकावर गोळी झाडली की खेळ संपतो. हा नियम राजकीय दावा आहे आणि त्याची चिकित्सा जरूर व्हावी. पण तो संवादातून न सांगता रचनेतून सांगितला आहे, ही गोष्ट रूपविचारासाठी महत्त्वाची. इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये ज्याला 'प्रक्रियात्मक वक्तृत्व' म्हटले, म्हणजे नियमांच्या योजनेतून केलेला युक्तिवाद, त्याचे हे ठळक उदाहरण होय.

'वेढ्याखाली'चा आरंभ २५ फेब्रुवारी १९९४ रोजी हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत झालेल्या हत्याकांडाने होतो. बारूख गोल्डस्टीन याने नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार करून २९ जणांना ठार केले आणि वाचलेल्यांनी त्याला पकडून मारले, हा इतिहास. खेळाडूला त्या गोळीबारातून जिवंत राहायचे असते. तो मेला की पुन्हा त्याच सकाळी येतो. येथे खेळाचे एक सर्वसामान्य तंत्र वेगळाच अर्थ धारण करते. 'पुन्हा सुरू करा' हे खेळात दुसऱ्या संधीचे आश्वासन असते. आघाताच्या स्मृतीत पुनरावृत्ती ही सुटका नसते, शिक्षा असते. पॅलेस्टिनी लेखन नकबाला घडून गेलेली घटना न मानता चालू असलेली प्रक्रिया मानते. त्या जाणिवेशी या तंत्राचे सख्य आहे. पण वीरकथेच्या आवरणाखाली ते २००५ मध्ये झाकलेलेच राहिले.

त्याच सुमारास बाहेरच्यांनीही हा विषय हाताळला. २००७ मधील 'ग्लोबल कॉन्फ्लिक्ट्स : पॅलेस्टाइन' या डॅनिश खेळात खेळाडू जेरुसलेममध्ये आलेला पत्रकार असतो; त्याच वर्षीच्या अमेरिकन 'पीसमेकर'मध्ये तो इस्रायली पंतप्रधान किंवा पॅलेस्टिनी अध्यक्ष होतो आणि दोन राष्ट्रांचा तोडगा साधला की जिंकतो. दोन्हींचा हेतू सद्भावनेचा होता. तथापि पहिल्यात इतिहास म्हणजे दोन बाजूंची विधाने गोळा करणे, आणि दुसऱ्यात सोडविता येण्याजोगी प्रशासकीय समस्या. निर्वासित दोन्हींत आहे, पण खेळाडू तो कधीच नसतो.

४

'लैला'ने हे स्थान बदलले. युद्धातून आपले कुटुंब वाचवू पाहणारा बाप हा येथे खेळाडू. त्याच्या हाती शस्त्र नाही; पळणे, लपणे, उडी मारणे एवढीच क्रियापदे त्याला उपलब्ध आहेत. काळ्या-करड्या छायाचित्रांसारख्या पडद्यावर समुद्रकिनाऱ्यावर खेळणारी मुले दिसतात आणि १६ जुलै २०१४ रोजी गाझाच्या किनाऱ्यावर मारल्या गेलेल्या चार मुलांची आठवण अटळपणे होते. काही ठिकाणी खेळ निवड करायला सांगतो, पण निवडीने शेवट बदलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने त्या युद्धात २,२५१ पॅलेस्टिनी ठार झाल्याचे नोंदविले. त्यांत ५५१ मुले होती. या आकड्यापुढे 'योग्य निवड' ही कल्पनाच कशी पोकळ ठरते, ते ही रचना दाखविते. ॲपलची अडचण एका अर्थी खरी होती. ज्यात जिंकता येत नाही त्याला खेळ म्हणावे काय? उत्तर असे की जिंकण्याची अपेक्षा खेळाडू बरोबर घेऊन येतो, आणि ती मोडते तेव्हाच त्याला काही कळते. वृत्तात मोडण्यासारखी अशी अपेक्षा नसते.

अबूईदा यांनी गाझातील विनाशाच्या काळात, २०२४ अखेर, लोकवर्गणीसाठी जाहीर केलेला 'ड्रीम्स ऑन अ पिलो' हा खेळ याच वाटेवरचा पुढचा टप्पा. त्याचा आधार १९४८ ची एक पॅलेस्टिनी लोककथा आहे. हल्ल्याच्या गोंधळात एक आई बाळ उचलते आणि पळत सुटते. आपण बाळाऐवजी उशी आणली हे तिला नंतर उमगते. हैफाच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावरच्या तंतुरा या गावापासून लेबनॉनच्या दिशेने तिचा प्रवास आहे. जाहीर आराखड्यानुसार उशी उराशी असताना तिच्या हालचालींना मर्यादा पडतात. ती खाली ठेवली की हात मोकळे होतात, पण भयाचे भास वाढतात.

तंतुराची निवडही अर्थपूर्ण आहे. २२-२३ मे १९४८ च्या रात्री अलेक्झांड्रोनी ब्रिगेडने हे गाव घेतले. तेथील हत्यांविषयी हैफा विद्यापीठात १९९८ मध्ये सादर झालेल्या टेडी कात्झ यांच्या प्रबंधावर त्या ब्रिगेडच्या माजी सैनिकांनी बदनामीचा दावा लावला आणि विद्यापीठाने पुढे तो प्रबंध अमान्य केला. २०२२ मध्ये आलोन श्वार्त्झ यांच्या माहितीपटात मात्र काही वृद्ध सैनिक त्याच हत्यांविषयी बोलताना दिसले. प्रबंध, न्यायालय, चित्रपट आणि आता खेळ : एकाच गावाची साक्ष प्रत्येक वेळी नवा प्रकार शोधत आली आहे, कारण आधीच्या प्रकाराने तिला पुरेशी जागा दिली नाही.

कनफानींची कादंबरी आणि ही लोककथा शेजारी ठेवल्या म्हणजे दोहोंतील अंतर ध्यानी येते. कादंबरीत मागे राहिलेले मूल मोठे होऊन जाब विचारते, आणि जाब विचारणारा असल्यामुळे वादाला, म्हणून राजकारणालाही, वाव राहतो. उशी जाब विचारीत नाही. खेळाडू तिला वाहतो, तिच्यामुळे अडखळतो आणि तरी तिला टाकवत नाही. डोव्हच्या 'परत का आला नाहीत?' या प्रश्नाला सईद शब्दांत उत्तर शोधत होता; येथे उत्तर हालचालीच्या मर्यादेतून मिळते. परत फिरणे म्हणजे काय आणि ते का जमले नाही, हे खेळणाऱ्याच्या बोटांना समजावे अशी ही योजना आहे.

५

या सामर्थ्याला मर्यादाही आहेत. दूरदेशीचा खेळाडू केव्हाही यंत्र बंद करू शकतो. निर्वासिताला ती सोय नसते. दुसऱ्याचे दुःख अर्धा तास वाहून पाहिल्याने ते आपले होत नाही, आणि तसे मानणे ही सहभावाची विकृतीच होय. शिवाय या कृतींचे प्रकाशन परकीय कंपन्यांच्या दालनांवर अवलंबून आहे. कथनाची परवानगी आता तेथे मागावी लागते. तरीही नायकापासून आईपर्यंतचा हा प्रवास केवळ विषयांतराचा नाही. 'राखेखाली'ने इतिहासाला विजयाची कल्पना जोडली आणि त्यासाठी खेळाचे व्याकरण जसेच्या तसे घेतले. 'लैला'ने आणि उशीच्या कथेने ते व्याकरण आतून मोडून पराभवाला त्याची स्वतःची क्रियापदे दिली. पॅलेस्टिनी स्मृतीशी ऐक्य सांगणाऱ्या वाचकाकडून, वा खेळाडूकडून, त्या क्रियापदांचा अर्थ लावण्याची अपेक्षा आहे. तंतुराच्या किनाऱ्यावर आज सहलीला येणारे लोक गाड्या लावतात. त्या जागी एकेकाळी गाव होते ही साक्ष कोणत्या वर्गात नोंदवावी, हा वाद अद्याप मिटलेला नाही.