अजिंक्यपद आणि उपविजेतेपद : रणजी स्पर्धेतील विभागपद्धतीचा विचार

वसईच्या खाडीच्या उत्तरेस असलेले नायगाव हे पश्चिम रेल्वेवरील गाव पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते त्या जिल्ह्यात गेले. महाराष्ट्र राज्यात तर ते राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १ मे १९६० पासून आहेच. तथापि ह्या गावचा एखादा मुलगा क्रिकेटमध्ये पुढे आला, तर प्रथमतः तो 'महाराष्ट्र' संघाचा होत नाही, मुंबईचा होतो. नायगाव, वसई, विरार, पालघर हा सारा पट्टा क्रिकेटच्या नकाशावर मुंबईच्या कक्षेत येतो. पालघरकडचा शार्दूल ठाकूर आणि विरारचा पृथ्वी शॉ हे दोघेही रणजी स्पर्धेत उतरले ते मुंबईकडून. पुढे २०२५ मध्ये शॉने महाराष्ट्राचा संघ पत्करला, म्हणजे राज्य न सोडता त्याने संघ बदलला. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ नांदतात, आणि त्यांपैकी 'महाराष्ट्र' हे नाव राज्याच्या उरलेल्या भागास मिळाले आहे. भाषावार प्रांतरचनेने राज्यांचे नकाशे बदलले. क्रिकेटचा नकाशा मात्र बव्हंशी जुनाच राहिला.

ह्या नकाशाची गंमत येथेच संपती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण खेळाडू कोणत्या संघाचा, हे जसे नकाशाने ठरते, तसेच कोणत्या संघाने कोणाशी आणि कितव्या फेरीत खेळावयाचे, हेही दीर्घकाळ नकाशानेच ठरत असे. भारताचा विजेता संघ कोणता, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याची रीत त्यातून घडली. त्या रीतीने एका प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले आणि दुसऱ्याचे बहुधा दिलेच नाही.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. देश मोठा, प्रवास लांबचा आणि खर्चाचा; तेव्हा संघांची चार विभागांत वाटणी करण्यात आली. १९५२-५३ मध्ये मध्य हा पाचवा विभाग झाला. प्रत्येक विभागात प्रथम आपापसांत सामने व्हावयाचे, त्यांतून एक विजेता निघावयाचा आणि ह्या विभागविजेत्यांनी पुढे एकमेकांशी झुंजावयाचे, असा हा क्रम होता. १९५६-५७ पर्यंत विभागांतील सामने बाद पद्धतीने होत. १९५७-५८ पासून ते साखळी पद्धतीने होऊ लागले. प्रांतोप्रांती खेळ पोहोचविणे, हा हेतू असेल तर ह्याहून सोपी व्यवस्था सुचणे कठीण. मात्र तिच्या पोटात एक गृहीत दडलेले होते : सर्व विभागांचे बळ साधारण सारखे आहे.

वस्तुस्थिती तशी नव्हती. १९३४-३५ ते १९५७-५८ ह्या २४ हंगामांचे विजेते पाहिले, तर त्यांपैकी १७ वेळा करंडक पश्चिम विभागाकडे गेलेला दिसतो. त्यांत मुंबईचा वाटा ९ वेळांचा. उरलेल्या ८ वेळा बडोदे (४), महाराष्ट्र (२), नवानगर (१) आणि वेस्टर्न इंडिया (१) हे विजयी ठरले. म्हणजे एकाच विभागातील पाच वेगवेगळे संघ भारताचे विजेते होऊन गेले. महाराष्ट्राची दोन्ही विजेतेपदे दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखालची, १९३९-४० आणि १९४०-४१ ची. ज्या विभागातून असे पाच विजेते निघतात, त्या विभागात दुसऱ्या क्रमांकावर राहणारा संघ हा अन्य विभागांच्या विजेत्याहून कमी प्रतीचाच असेल, असे मानण्यास आधार नाही.

ह्याचा पडताळा १९४८-४९ च्या हंगामात मिळतो. त्या वर्षी पुण्यास झालेल्या उपान्त्य सामन्यात मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर आले. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. एकूण २३७६ धावांचा हा सामना प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील सर्वाधिक धावांचा म्हणून आजही नोंदला जातो. मुंबई ३५४ धावांनी जिंकली आणि अंतिम सामन्यात तिची गाठ पडली ती बडोद्याशी. शेवटच्या चार संघांपैकी तीन पश्चिमेकडचे! 'विभागाचा एकच' हा दंडक त्या हंगामात लागू असता, तर ह्या तिघांपैकी दोघे घरीच बसले असते आणि २३७६ धावांचा तो सामना उपान्त्य फेरीत झालाच नसता. भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या त्याही ह्याच हंगामात, महाराष्ट्राकडून. एवढा फलंदाज बाळगणारा संघ देशात कितवा, हा प्रश्न त्या एका वर्षी तरी मैदानावर विचारला गेला.

पुढे तो विचारणे बंद झाले. १९५८-५९ पासून मुंबईने सलग १५ वेळा करंडक जिंकला. त्यांपैकी पहिल्या १२ हंगामांत, म्हणजे १९६९-७० पर्यंत, विभागातून एकच संघ पुढे जात होता. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदे, गुजरात आणि सौराष्ट्र असे पाच संघ असल्याने प्रत्येकाच्या वाट्यास साखळीतील चार सामने येत. मुंबई पहिली आली की उरलेल्या चौघांचा हंगाम त्या चार सामन्यांतच आटोपे. ह्या १२ वर्षांतील उपविजेत्यांत राजस्थानचे नाव ७ वेळा येते. शिवाय बंगाल, म्हैसूर, हैदराबाद आणि मद्रास ही नावे येतात. महाराष्ट्राचे अथवा बडोद्याचे एकदाही येत नाही, कारण ते येणे शक्यच नव्हते. राजस्थान मध्य विभागातला. त्याची चिकाटी वाखाणण्याजोगी होती, ह्यात शंका नाही. सात अंतिम सामने हरूनही आठव्यासाठी उभे राहणे सोपे नव्हे. पण तो देशातला दुसरा संघ होता की नाही, हे त्या कोष्टकावरून सांगता येत नाही. त्या काळातील उपविजेतेपद हे गुणानुक्रम दाखवीत नाही. मुंबईच्या विभागाबाहेर राहण्याचा लाभ तेवढा दाखविते.

खेळाडूंच्या दृष्टीने ही गोष्ट केवळ मानाची नव्हती. वर्षाकाठी चार सामने खेळणारा फलंदाज आणि बाद फेरीत आणखी दोन-तीन सामने खेळणारा फलंदाज ह्यांना निवड समितीसमोर येण्याची संधी सारखी मिळत नाही. पुण्याच्या खेळाडूचे नुकसान त्याच्या खेळाने नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्याने होत असे.

ह्या पद्धतीच्या बाजूने एक युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. विभागात जो दुसरा आला, तो पहिल्याच्या मागे पडूनच दुसरा आला. त्यास पुन्हा त्याच पहिल्याशी झुंजण्याची संधी का द्यावी? एकदा लागलेला निकाल दुसऱ्यांदा का मागावा? ज्यांना केवळ विजेता शोधावयाचा आहे, त्यांच्यापुरता हा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे. मुंबईच्या त्या १२ विजेतेपदांबद्दल शंका घेण्यास म्हणूनच जागा राहत नाही.

१९७०-७१ पासून नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले. त्या पहिल्याच वर्षी अंतिम सामना झाला तो मुंबई आणि महाराष्ट्र ह्यांच्यात. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर ही मंडळी भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होती. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने करंडक राखला. ह्या दोन संघांपैकी एक विभागात दुसरा होता, आणि एक वर्ष आधी तो बाद फेरीच्या दारातही उभा राहू शकला नसता. तथापि ह्या एका सामन्यावरून मागील १२ वर्षांचा निवाडा करणे धाडसाचे होईल. पुढच्या दोन वर्षांत उपविजेते झाले ते बंगाल आणि तामिळनाडू; महाराष्ट्रास पुढचा अंतिम सामना लाभला तो थेट १९९२-९३ मध्ये, पंजाबविरुद्ध. एवढे मात्र खरे की, नियम बदलल्यावर बंगाल आणि तामिळनाडू ह्यांचे दुसरेपण अधिक भरवशाचे झाले. कारण पश्चिमेचा दुसरा संघ आता त्यांच्या वाटेत उभा राहू शकत होता.

हाच वाद अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये अधिक कडवटपणे चालत आला आहे. तेथे शंभराहून अधिक विद्यापीठे निरनिराळ्या संघगटांत खेळतात. हंगामाअखेरीस निवडक संघांना 'बोल' नावाच्या निमंत्रणाच्या सामन्यांसाठी बोलावले जाते. त्यांतला सर्वांत जुना, रोझ बोल, १९०२ मध्ये प्रथम खेळला गेला. सर्व संघ एकमेकांशी खेळणे अशक्य, म्हणून क्रम लावण्याचे काम मतदानाकडे गेले. असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेची क्रमवारी १९३६ पासून नियमाने निघते. रणजी स्पर्धेत नकाशाने जे केले ते तेथे मताने केले. ५ नोव्हेंबर २०११ रोजी लुइझियाना स्टेटने अलाबामास ९-६ असे हरविले. दोघेही एकाच गटाच्या एकाच विभागातले. अलाबामास विभागाचेही विजेतेपद मिळाले नाही. तरी क्रमवारीच्या आधारे त्यास अंतिम सामन्यासाठी निवडण्यात आले आणि आपल्या गटाचे विजेतेपद मिळविलेला ओक्लाहोमा स्टेट बाहेर राहिला. ९ जानेवारी २०१२ रोजी अलाबामाने त्याच लुइझियाना स्टेटला २१-० असे नमविले. आता खरा विजेता कोण? एकमेकांशी एकेक सामना जिंकलेल्या दोघांत दुसऱ्या सामन्यास अधिक मोल का, ह्याचे उत्तर तारखेखेरीज दुसरे मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या वादातील 'पुन्हा संधी का' हा प्रश्न येथे जसाच्या तसा भेटतो.

मराठीने ह्या पदास दिलेले नाव ह्या संदर्भात मोठे सूचक आहे. 'जिंक' हा मराठी धातू. त्यास संस्कृत वळणाचा नकार आणि संस्कृत वळणाचाच प्रत्यय जोडून 'अजिंक्य' हा शब्द घडला. शुद्ध संस्कृतात 'अजेय' अथवा 'अजय्य' म्हणावे लागले असते. अर्थ, जिंकता न येणारा. बाद पद्धतीत हा शब्द त्या स्पर्धेपुरता चपखल बसतो, कारण हरलेला तेथे उरतच नाही. साखळीत तो सैल होतो : एखादा सामना गमावूनही संघ 'अजिंक्यपद' मिळवितो. मतदानाच्या पद्धतीत तर तो उलटाही होऊ शकतो. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ सामने जिंकून, आपल्या गटाचे विजेतेपद मिळवूनही पहिल्या चारांत निवडला गेला नाही. एक सामना हरलेला अलाबामा निवडला गेला. शब्दाच्या व्युत्पत्तीप्रमाणे अजिंक्य असलेला संघ अजिंक्यपदाच्या दारातून परत गेला. पुढच्याच हंगामापासून, २०२४ मध्ये, तेथे चाराऐवजी बारा संघ घेण्यास आरंभ झाला.

रणजी स्पर्धेतही दार असेच रुंदावत गेले. १९९२-९३ पासून विभागातील तीन संघ पुढे जाऊ लागले, आणि २००२-०३ मध्ये विभागांची जुनी चौकट मोडून संघांची वाटणी एलिट आणि प्लेट अशा वर्गांत झाली. परंतु नकाशाची अडचण दूर झाली तरी अनिर्णित सामन्याची राहिलीच. निकाल न लागल्यास पहिल्या डावाची आघाडी निर्णायक मानावयाची, हा जुना नियम बाद फेरीत कायम आहे. २०२४-२५ मध्ये केरळने उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात एका धावेची आघाडी घेतली, २८१ विरुद्ध २८०. उपान्त्य सामन्यात गुजरातवर दोन धावांची, ४५७ विरुद्ध ४५५. दोन्ही सामने अनिर्णित राहिले आणि केरळ प्रथमच अंतिम सामन्यास पोहोचला. नागपूरचा तो सामनाही अनिर्णितच राहिला. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९ धावा होत्या, केरळच्या ३४२, आणि करंडक विदर्भाकडे गेला.