१९११ च्या मोसमाचा गोलंदाज कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली गोष्ट. पुण्याच्या हिंदू क्लबचा संघ सामना खेळायला साताऱ्यात आला. साताऱ्याचा जिमखाना तेव्हा फक्त गोऱ्यांचा होता आणि त्यांच्या क्रिकेटचा बराच बोलबाला होता. पुणेकरांकडे बाळू नावाचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज आहे, ही खबर त्यांना होती. म्हणून त्यांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून घेतला, चेंडू वळूच नये म्हणून. बाळूने तरी सात बळी घेतले आणि पुण्याने सामना सहज जिंकला. रामचंद्र गुहा यांनी आपल्या क्रिकेटच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. साताऱ्यात आलेल्या पाहुण्याला आपण अजिंक्यतारा दाखवतो, कंदी पेढे खायला घालतो. ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

पळवणकर बाळू यांच्याबद्दल मराठीत आता बऱ्यापैकी लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा ते त्यांच्यावरच्या अन्यायाबद्दल असतं. चांभार कुटुंबात जन्म, पुण्याच्या क्लबात मैदान झाडण्याची आणि रोलर ओढण्याची नोकरी, सहकारी खेळाडूंपासून वेगळा बाहेर मातीच्या भांड्यात मिळणारा चहा. हे सगळं खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण मला आज निव्वळ क्रिकेटचा वाद घालायचा आहे. दया बाजूला ठेवू आणि आकडे पुढे घेऊ. १९११ च्या इंग्लंडमधल्या मोसमात सर्वोत्तम गोलंदाजाचा किताब द्यायचा असता, तर तो कुणाला द्यायला हवा होता?

त्या वर्षी पटियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. महाराज मैदानापेक्षा राज्याभिषेकाच्या समारंभांत जास्त रमले. संघ २३ सामने खेळला, ६ जिंकला, १५ हरला. अशा हरणाऱ्या संघातून पस्तिशीतल्या बाळूंनी दुखऱ्या खांद्याने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ बळी. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११, आणि तो सामना भारताने जिंकला.

आता विरुद्ध बाजू. ती कच्ची नाही. इंग्लंडमध्ये 'विस्डेन' हे वार्षिक दरवर्षी पाच खेळाडू निवडतं. क्रिकेटमधला हा सर्वांत जुना मान. १९१२ च्या अंकातली पाच नावं फॉस्टर, हर्न, किनियर, मीड आणि स्ट्रडविक अशी आहेत. त्यांतला फ्रँक फॉस्टर हा या वादातला खरा प्रतिस्पर्धी. डावखुरा वेगवान गोलंदाज, वॉरविकशायरचा तरुण कर्णधार. त्या मोसमात त्याने हजारावर धावा केल्या, शंभरावर बळी घेतले आणि आपल्या कौंटीला पहिल्यांदा विजेतेपद मिळवून दिलं. कुणी फॉस्टरच्या बाजूने हात वर केला, तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप असा की बाळूंचे ११४ बळी सगळे प्रथम श्रेणीतले नव्हते. बरोबर. काही सामने दुय्यम संघांविरुद्धचे होते. फक्त प्रथम श्रेणीचे सामने धरले, तर आकडा पाऊणशेच्या घरात येतो आणि सरासरी विसाच्या आसपास जाते. फॉस्टरने कौंटीचे कसलेले फलंदाज बाद केले, हेही मान्य.

तरी माझं मत बाळूंनाच. १९११ चा तो उन्हाळा इंग्लंडमध्ये कडक आणि कोरडा होता. अशा हवेत खेळपट्टी टणक होते आणि फलंदाजाची चैन होते. फिरकी गोलंदाज पावसाची वाट पाहतो. ओलसर होऊन सुकू लागलेल्या खेळपट्टीवर त्याचा चेंडू बोलतो. बाळूंच्या वाट्याला तसे दिवस थोडे आले. शिवाय फॉस्टरच्या मागे घरचं मैदान आणि रोजच्या सवयीचे क्षेत्ररक्षक होते. बाळूंच्या मागे उभा असलेला संघ बोटीवर चढण्याआधी एकत्र खेळलेलाही नव्हता. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला अनेकदा दुसऱ्या डावात गोलंदाजीच मिळत नाही, कारण समोरच्यांना पुन्हा फलंदाजी करायची गरज पडत नाही. हा हिशोब सरासरीत कुठेच दिसत नाही.

आणि एक गंमत बघा. विस्डेनचे ते पाचही जण त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला गेलेल्या एमसीसी संघातले होते. म्हणजे यादी करतानाच दार एका संघापुरतं उघडलं होतं. बाळूंची तुलना होऊन ते मागे पडले असते, तर मी निकाल मानला असता. पण तुलना झालीच नाही.

आपल्या वाचकांपैकी काहींना एक प्रश्न पडेल, म्हणून तोही घेतो. त्याच संघात अलीगढच्या कॉलेजचे तीन खेळाडू होते: सय्यद हसन, शफकत हुसेन आणि सलामुद्दीन. मग मुसलमान लेखकाने त्यांची बाजू का मांडू नये? हा प्रश्न मला शाळेच्या स्टाफरूममध्ये एकाने हसत हसत विचारला होता. त्यामागे मोठा इतिहास आहे. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, मुंबईच्या स्पर्धेत मुस्लिम संघ सामील झाला आणि युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम अशी चौरंगी सुरू झाली. पुढे पंचरंगी झाली आणि १९४६ पर्यंत मुंबईत लोक आपापल्या जमातीसाठी टाळ्या वाजवत राहिले. त्या सवयीने पाहिलं तर बाळू 'त्यांचे' गोलंदाज. पण 'त्यांनी' तरी त्यांना आपलं कधी मानलं? इतके बळी घेऊनही हिंदू संघाने बाळूंना कर्णधार केलं नाही. १९२० मध्ये त्या अपमानामुळे त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी सामन्यातून माघार घेतली. गोलंदाजाचा इन्साफ जमातीकडे पाहून करायचा ठरवला, तर बाळूंना कोणत्याच रांगेत उभं राहता येत नाही. अलीगढच्या तिघांबद्दल मला प्रेम आहे, पण त्या दौऱ्यात ११४ बळींच्या जवळ त्यांच्यातलं कुणी नव्हतं. बात एवढीच आहे.

बी.एड.च्या दिवसांत असाच वाद मी सांगलीत ऐकला. सांगली म्हणजे विजय हजारे यांचं जन्मगाव, त्यामुळे तिथे वाद फलंदाजीकडे वळतो. पण हजारे गोलंदाजही होते. प्रथम श्रेणीत त्यांचे साडेपाचशेच्या वर बळी आहेत आणि १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी ब्रॅडमनचा त्रिफळा उडवला होता. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ती जसू पटेल यांनाही मिळाली, ज्यांनी काही आठवड्यांपूर्वी कानपूरला ऑस्ट्रेलियाचे एका डावात ९ आणि सामन्यात १४ बळी घेऊन भारताला जिंकून दिलं होतं. एकाला आयुष्यभराच्या खेळासाठी, दुसऱ्याला जवळजवळ एका सामन्यासाठी, पदक एकच. सांगलीकर यावर अजून चिडतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. कानपूरचा विजय ही लहान गोष्ट नव्हती.

आज हे भांडण बरंच सोपं झालं आहे. रणजी मोसमात सर्वाधिक बळी घेणाऱ्याला बीसीसीआय माधवराव सिंदिया पुरस्कार देतं. बळी मोजा, नाव वाचा, काम झालं. कोण कुठल्या खेळपट्टीवर खेळला, मागे क्षेत्ररक्षक कसे होते, हे कुणी विचारत नाही. पण निदान दार सगळ्यांना उघडं असतं, आणि या पद्धतीचा हा गुण मी मोठा मानतो. क्रिकेटसाठीचा पहिला अर्जुन पुरस्कार १९६१ सालासाठी सलीम दुराणी यांना मिळाला. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांचं नाव ऐकल्यावर लोकांना त्यांचे षटकार आठवतात. १९६१-६२ मध्ये इंग्लंडविरुद्ध कलकत्ता आणि मद्रास इथे मिळून त्यांनी १८ बळी घेतले आणि ते दोन्ही सामने भारताने जिंकले, हे आठवणारे कमी.

तर १९११ साठी माझ्या कागदावर पहिलं नाव पळवणकर बाळू, दुसरं फ्रँक फॉस्टर. फॉस्टरच्या बाजूने ज्यांना बोलायचं आहे त्यांनी जरूर बोलावं. फक्त फलंदाजीतल्या त्याच्या धावा मोजायच्या नाहीत. किताब गोलंदाजीचा आहे.