समोरच्या बेटांवर कोण राहत होतं?



गेल्या महिन्यात आई-बाबा आले होते. सेंटोसा, लिटल इंडिया, मुस्तफा... नेहमीची यात्रा उरकल्यावर एका रविवारी मरीना साऊथ पिअरवरून फेरीने सेंट जॉन्स आणि कुसू बेटांवर गेलो. डेकवर उभे राहून बाबांनी विचारलं, "इथे पूर्वी कोण राहायचं रे?" दहा वर्षं इथे काढूनही मला सांगता येईना. लाजच वाटली! म्हणून थोडं वाचलं, ते लिहितोय.

आपण 'सिंगापूर बेट' म्हणतो, पण हा देश साठाहून जास्त बेटांचा आहे. विषुववृत्त इथून जेमतेम १३७ किलोमीटरवर. दक्षिणेला सिंगापूरची सामुद्रधुनी, लांबी सुमारे १०५ किलोमीटर आणि रुंदी १६. पश्चिमेला मलाक्काची सामुद्रधुनी, पूर्वेला दक्षिण चिनी समुद्र, पलीकडे इंडोनेशियाची बाटम आणि बिंटान. भारताकडची आणि चीनकडची जहाजं याच वाटेने जायची. शिडांचे दिवस ते, त्यामुळे वारा फिरेपर्यंत या भागातल्या बंदरांत मुक्काम ठोकावा लागे. चौदाव्या शतकातच इथे नांदतं बंदर होतं.

या पाण्याचे खरे जाणकार म्हणजे 'ओरांग लाउत', म्हणजे समुद्राची माणसं. होडी हेच त्यांचं घर. कुठे खडक, कुठे ओढ, सगळं तोंडपाठ. जोहोरच्या सुलतानांच्या आरमाराचा ते कणा होते. २८ जानेवारी १८१९ ला रॅफल्सच्या जहाजांनी नांगर टाकला तो सेंट जॉन्सजवळ. दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्यावर उतरला. पुढे १८२४ साली इंग्रज आणि डच यांनी आपसांत करार केला. उत्तरेकडचं इंग्रजांचं, दक्षिणेकडची बेटं डचांची. आज बाटमला जाताना आपण पासपोर्ट दाखवतो, त्याचं मूळ तिथे आहे. ज्यांच्या होड्या दोन्हीकडे फिरत होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही.

मग व्यापार वाढला, आणि जहाजं खडकांवर आपटायला लागली. पेड्रा ब्रांका खडकावर १८५१ साली हॉर्सबर्ग दीपगृह उभं राहिलं आणि पुलाऊ सातुमूवर १८५५ साली रॅफल्स दीपगृह. या दुसऱ्या दीपगृहाच्या बांधकामावर हिंदुस्थानी कैदी राबले. १८२५ ते १८७३ या काळात बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातूनही काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी इथे होते. रस्ते, पूल आणि सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलसुद्धा त्यांच्याच हातचं. आपण स्वतःला इथली 'नवी' मंडळी समजतो, पण आपल्या आधी बेड्या घालून आलेले लोक होते, हे मला तरी माहीत नव्हतं.

सेंट जॉन्सवर १८७४ साली क्वारंटाइन स्टेशन सुरू झालं. बोटीने येणारे मजूर आणि मक्केहून परतणारे यात्रेकरू रोगराईच्या भीतीने तिथे ठेवले जात.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. या बेटांवर मलय कोळ्यांची गावं होती. लाकडी खांबांवरची घरं, खाली भरतीचं पाणी. १९६० नंतर एकेक बेट रिकामं होत गेलं आणि माणसं मुख्य बेटावरच्या फ्लॅट्समध्ये आली. सात बेटांमध्ये भर टाकून जुरोंग आयलंड तयार झालं, तिथे आज केमिकलचे कारखाने आहेत. सेमाकाऊ आणि साकेंग ही बेटं बांध घालून जोडली, आणि १९९९ पासून देशाचा जाळलेला कचरा तिथे जातो. म्हणजे आपल्या किचनमधल्या कचऱ्याची राख शेवटी कुणाच्या तरी गावाशेजारी पडते. मुख्य बेटावर जागा नाही, कचरा तर टाकायलाच हवा, हेही खरंच. त्यामुळे कोणाला दोष द्यावा, कळत नाही.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. बाबांचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या धरणात गेलेलं. आठ-नऊ वर्षांचे असताना घरच्यांबरोबर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आले. म्हणाले, "आमच्याकडे पाणी आलं म्हणून माणसं उठली. यांचं तर पाण्यावरच घर होतं." मग म्हणाले, "फ्लॅट चांगला मिळाला असेल रे त्यांना. आम्हाला पण जमीन मिळाली. पण गावाला जातो म्हणायला गाव राहत नाही."

ज्या विजेवर मी अभ्यास करून इंजिनीयर झालो, ती कोयनेची होती की नाही, कोणास ठाऊक. पण हा प्रश्न बाबांनीच का विचारला, मला का नाही सुचला, ते मात्र कळलं.

असो. पाहुणे आले की एक रविवार या फेरीसाठी जरूर ठेवा. डबा बरोबर न्या, तिकडे खायला फारसं काही मिळत नाही. आणि मुलांनी विचारलंच, तर उत्तर तयार असू द्या.

चूभूद्याघ्या.