हुशार कर्मचारी आयटी कंपनी का सोडतात? त्यांना टिकवायचं कसं?

२०२२ मध्ये हिंजवडीपासून बेंगळुरूपर्यंत आयटीवाल्यांच्या गप्पांत एकच विषय होता : कोणी पेपर टाकले? त्या वर्षी जून तिमाहीत इन्फोसिसचा अ‍ॅट्रिशन रेट, म्हणजे वर्षभरात स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण, २८.४ टक्के होता. सप्टेंबर तिमाहीत टीसीएसमध्ये तो २१.५ टक्के झाला. मार्च २०२४ पर्यंत दोन्हीकडे तो साडेबारा टक्क्यांच्या आसपास उतरला. पण तोवर बाहेरच्या नोकऱ्याही आटल्या होत्या. त्यामुळे आकडा उतरला म्हणजे लोक खूश झाले, असं समजता येत नाही.

'हाय पोटेन्शियल' म्हणजे कोण?

आजचं काम चांगलं करणारा आणि उद्या मोठी जबाबदारी पेलू शकणारा, हे दोघे एकच असतील असं नाही. म्हणून अनेक कंपन्या 'नाइन बॉक्स' वापरतात. हा नऊ चौकटींचा तक्ता असतो. त्यात एका बाजूला सध्याची कामगिरी आणि दुसऱ्या बाजूला पुढची क्षमता मांडतात. दोन्हीत वरच्या चौकटीत बसणारे ते हाय पोटेन्शियल.

मग ते जातात का?

चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस काय मिळतं? बऱ्याचदा आणखी काम! प्रोजेक्ट अडकला की त्यालाच बोलावतात आणि तो हवाच असतो म्हणून नव्या प्रोजेक्टवर सोडत नाहीत. दुसरी चूक बढतीची. उत्तम कोडिंग करणाऱ्याला मॅनेजर केलं की कंपनी चांगला इंजिनिअर गमावते आणि चांगला मॅनेजर मिळेलच असं नाही. यावर उपाय म्हणून काही कंपन्यांत दोन शिड्या असतात. माणसं सांभाळायची नसतील, तर तांत्रिक कामातच राहून वरचं पद आणि पगार मिळतो.

पैशांनी माणूस थांबतो का?

काही काळ थांबतो. इसॉप म्हणजे कंपनीचे शेअर्स ठरलेल्या किमतीत घेण्याचा हक्क. तो बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतो, म्हणून लोक वाट पाहतात. राजीनाम्यानंतर पगार वाढवून देण्याची काउंटर ऑफर मात्र उशिरा येते. तोवर मन उठलेलं असतं. ९० दिवसांचा नोटीस पिरियडही कधी उलटतो, कारण हातात एक ऑफर असताना दुसरी शोधायला तीन महिने मिळतात.

नेमकं काय टिकवतं?

गुगलने २००८ मध्ये 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' सुरू करून चांगल्या मॅनेजरचे गुण शोधले. आठ गुणांच्या यादीत 'चांगला कोच असणं' पहिलं आलं, तांत्रिक कौशल्य शेवटचं!

म्हणूनच 'स्टे इंटरव्ह्यू' महत्त्वाचा ठरतो. जाताना 'का चाललास?' विचारण्याऐवजी, माणूस असतानाच 'इथे काय खटकतं, पुढे काय शिकायचंय?' हे विचारायचं. आणि उत्तर मिळाल्यावर काहीतरी बदलायचंही. नाहीतर पुढच्या वेळी तो बोलणार नाही, थेट पेपर टाकेल.