भांड्यात राहिलेला कण

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचे पाणी पूर्वी तांब्या-पितळेच्या घंगाळात काढीत. आज ते बहुतेक घरी प्लॅस्टिकच्या बादलीत निघते. ही बादली कढत पाणी सोसते आणि पडली तरी फुटत नाही. तिच्या जन्माची कथा मात्र एका नीट न निघालेल्या भांड्यापासून सुरू होते, हे सांगितले तर गृहिणींना गंमत वाटेल.

कथानायक कार्ल झीग्लर. जन्म १८९८, जर्मनीतील कासेलजवळच्या हेल्सा गावी. मारबुर्ग विद्यापीठात १९२० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे एका अवघड विषयाला हात घातला. धातूचा अणू कार्बनच्या अणूला सरळ जोडला, तर कसले पदार्थ तयार होतात? असे पदार्थ भलतेच तापट असतात. त्यांतले काही हवा लागताच पेट घेतात. त्यांच्यापासून व्यवहाराला काय लाभ, असे कोणी विचारले असते, तर त्या वेळी झीग्लरांपाशी मोठेसे उत्तर नव्हते. तरीही लिथियम, सोडियम अशा धातूंची संयुगे ते वर्षानुवर्षे करीत राहिले.

१९४३ साली, ऐन महायुद्धात, रूर खोऱ्यातील म्यूलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे चालून आले. संस्था कोळशाची, तेव्हा संशोधनही कोळशाचेच हवे, हे ओघानेच आले असते. झीग्लरांनी अट घातली: कार्बनी संयुगांच्या साऱ्या क्षेत्रात मला हवे ते काम करू द्याल, तरच येईन. अट मान्य झाली. पुढे गंमत अशी, की कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या वायूत एथिलीन असते, आणि झीग्लरांच्या धातुसंयुगांना हवे होते तेच!

ॲल्युमिनियमच्या संयुगावर एथिलीनचा एकेक रेणू, माळेत मणी ओवावा तसा ओवता येतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पण माळ फार लांब होईना. अशातच १९५२-५३ च्या सुमारास त्यांचा विद्यार्थी एर्हार्ड होल्ट्सकाम्प ह्याच्या हाती भलतेच आले. नेहमीचाच प्रयोग, नेहमीचेच पोलादी पात्र. पण माळ दोन मण्यांतच तुटली! दुसरा कोणी असता, तर 'प्रयोग फसला' म्हणून मोकळा झाला असता. इथे मात्र कसून शोध सुरू झाला. त्या पात्रात पूर्वी निकेल वापरून प्रयोग झाले होते. धुऊनही निकेलचा लेश आत राहिला होता आणि त्यानेच सारा खेळ बिघडवला होता. नीट न घासलेल्या पातेल्यात दूध नासावे, तसाच हा प्रकार.

मग प्रश्न आला: निकेलसारखे वागणारे आणखी धातू कोणते? एकामागून एक धातू पारखले जाऊ लागले. हाइन्झ ब्राइल ह्या विद्यार्थ्याने झिर्कोनियम घेतले, आणि नेमके उलटे घडले. माळ तुटण्याऐवजी वाढतच गेली. पांढरे, घट्ट पॉलिथीन तयार झाले. टायटॅनियम तर त्याहून चपळ निघाले. इंग्लंडात १९३३ सालीच पॉलिथीन सापडले होते. पण ते करायला वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाब लागे. १९५३ च्या अखेरीस म्यूलहाइमला तेच काम, बाहेरची हवा लागू न देता, साध्या काचपात्रात आणि नेहमीच्या दाबाखाली होऊ लागले. शिवाय ह्या नव्या माळा सरळ असल्याने माल अधिक ताठ आणि उष्णतेला टिकणारा निघाला. १९५४ साली मिलानच्या जूल्यो नात्ता ह्यांनी हीच युक्ती प्रोपिलीनवर चालवली. १९६३ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून लाभले.

न कुजणाऱ्या ह्या पदार्थाचे ढीग आज नद्या-समुद्रांना जड झाले आहेत, हेही खरे. तो टिकतो हाच त्याचा गुण, आणि तोच दोष. त्यावर तोड शोधणाऱ्यांनाही उत्प्रेरकांचीच वाट धरावी लागत आहे.

पेटंटांपासून झीग्लरांना अमाप पैसा मिळाला. १९६८ साली, सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, त्यांनी त्यातून संस्थेच्या संशोधनासाठी निधी उभारला. १९७३ साली म्यूलहाइमलाच ते निवर्तले. ज्या मोकळीकीची अट घालून ते तिथे आले होते, ती मागून येणाऱ्यांनाही लाभावी, अशी तजवीज त्यांनी जाताना करून ठेवली होती.